पाल वेळेवर यायची

शाळेत त्यांना सगळे सावधानबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण शाळेच्या मागच्या भिंतीवर कुणीतरी खडूने तसं लिहून शेजारी शिट्टी काढली होती. शिपाई ते पुसायला गेला तेव्हा बाईंनीच त्याला अडवलं. राहू दे, शिट्टी बरी जमलीय, म्हणाल्या.

त्या पीटीच्या बाई. आडवा बांधा, पायांत पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला त्या ‘सावधान’ म्हणाल्या की पलीकडच्या रस्त्यावरून सायकलने जाणारा परका माणूससुद्धा पाय टेकून उभा राहायचा. जगातल्या यच्चयावत दुःखांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, मैदानाला फेरी. पेपरात नापास झालास? एक फेरी. मैत्रिणीशी कट्टी झाली? दोन फेऱ्या. घरी आईबाबा भांडतात? मग तीन, कारण आईबाबा काही लगेच थांबणार नाहीत. पोरं धापा टाकत परत यायची आणि खरोखरच थोडी बरी दिसायची. त्यामुळे बाईंना आपल्या औषधाबद्दल कधी शंका आली नाही.

मग साथ आली आणि मैदानालाच कुलूप लागलं.

मुख्याध्यापकांनी फतवा काढला की एकही विषय बुडता कामा नये, सगळे तास मोबाइलवर होतील, पीटीचासुद्धा. भूगोलाच्या सरांना काही फरक पडला नाही, ते आधीही नद्या-डोंगर खुर्चीत बसूनच शिकवत. बाईंची मात्र पंचाईत झाली. त्यांनी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पहिल्याच दिवशी सवयीने जोरात शिट्टी फुंकली. कानात इयरफोन घालून बसलेल्या पोरांचं काय झालं ते पोरांनाच ठाऊक. दुपारपर्यंत पालकांच्या तक्रारी आल्या आणि संध्याकाळी शिट्टीवर बंदी आली. बाईंना भर वर्गात पट्टी काढून घेतल्यासारखं वाटलं.

पण खरा वैताग वेगळाच होता. पोरं कॅमेरे लावायचीच नाहीत. समोर नुसत्या काळ्या चौकटी आणि खाली नावं. वर्तमानपत्रातलं श्रद्धांजलीचं पान दिसतंय, असं बाई एकदा बोलून गेल्या. मग दिवस कसले आहेत ते आठवून त्यांनी जीभ चावली. त्या पानाकडे बघत त्या ओरडायच्या, गुडघे वर, अजून वर, पोट आत! पलीकडे कुणाचे गुडघे वर गेले आणि कुणाचं पोट आत, देव जाणे.

त्या अंधारात एकच चौकट उजळलेली असायची. ती बगळीची.

बगळी दहावीतली. लांबसडक पायांची म्हणून हे नाव बाईंनीच ठेवलेलं. उंच उडीत तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. घरी असूनही ती पूर्ण गणवेशात, केस घट्ट बांधून, ताठ उभी असायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत हात वर, हात बाजूला, खाली वाक, सगळं मनापासून करायची. खोट काढायची तर एवढीच, की बाई वाका म्हणाल्या की ती हात बाजूला न्यायची, आणि बाई हात बाजूला म्हणाल्या की ती वाकायची. ‘अगं, नेटवर्क मागे आहे तुझं,’ बाई लाडाने म्हणायच्या. बगळी बोलत नसे. खाली लिहून कळवायची, ‘हो बाई.’

बाईंनी तिला डोक्यावर घेतलं. एवढी पोरं लोळत पडलीत आणि ही एकटी बघा, असं त्या ज्याला त्याला ऐकवायच्या. मुख्याध्यापकांनाही ऐकवलं. ते अशा बातमीला टपलेलेच होते. त्यांनी तिच्या चौकटीचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला, ‘आमची आदर्श विद्यार्थिनी’. मग घरोघरी पालकांना आयतीच छडी मिळाली. बगळीला जमतं, तुलाच काय धाड भरलीय, म्हणत ते तो फोटो पोरांच्या नाकासमोर नाचवायला लागले.

याच सुमारास शाळेत मनाच्या आरोग्याचा कार्यक्रम झाला. मुलं खचलीत असं वरून कळवण्यात आलं होतं, म्हणजे आता काहीतरी करणं भाग होतं. एक तज्ज्ञ आले आणि मोबाइलसमोर कमी बसावं यावर मोबाइलवरून भलंमोठं भाषण ठोकून गेले. शेवटी त्यांनी सगळ्यांना मोकळेपणाने हसायला लावलं. चौकटी काळ्याच, त्यामुळे कोण हसलं ते कळायला मार्ग नव्हता. अहवालात मात्र विद्यार्थी हसले असं छापून गेलं.

बाई म्हणायच्या, नखरे आहेत सगळे. आयतं घरी बसायला मिळालंय आणि वर मन बिघडलंय म्हणे. पण शिक्षकांच्या बैठकीत एकेक कानावर यायचं. नववीतला एक मुलगा साबणाने इतके हात धुतो की कातडी फुटून रक्त येतं. एकाचे आजोबा सकाळी गेले आणि तो दुपारी गणिताच्या तासाला हजर होता, कारण घरात सगळे रडत होते आणि आपण कुठे बसावं हे त्याला कळेना. यावर बाईंनी नखऱ्यांचं नाव काढलं नाही. मग म्हणाल्या, त्याला म्हणावं जागच्या जागी दोरीवरच्या उड्या मार. त्यांच्याकडे दुसरं होतंच काय?

पाल पहिल्यांदा दिसली ती बाईंच्या मिस्टरांना. मिस्टर निवृत्त. जन्मभर लोकांच्या घरी जाऊन विजेचे मीटर वाचले, त्यामुळे माणसांपेक्षा भिंतींकडे बघायची सवय. साथीत त्यांना करायला काही नव्हतं. बाईंचा तास चालू झाला की ते चहाचा कप घेऊन मोबाइलमागे, कुणाला दिसणार नाही असे, येऊन बसायचे. एकदा तास संपल्यावर म्हणाले, तुझ्या त्या बगळीच्या घरची पाल मोठी वक्तशीर आहे.

बाईंना वाटलं, घरात बसून ह्यांचंही डोकं फिरलं.

मिस्टर म्हणाले, फिरलं तर फिरलं, पण पाल रोज त्या कॅलेंडरच्या मागून निघते, मुलीने दोन्ही हात वर केले की निघते, दिव्याखाली थांबते, मुलगी वाकली की वळते आणि परत कॅलेंडरमागे जाते. आणि कॅलेंडरचं पान उन्हाळ्यातलं आहे. आता थंडी पडलीय.

पुढच्या तासाला बाई तोंडाने आकडे मोजत होत्या आणि डोळे पालीवर होते. हात वर गेले, पाल निघाली. दिव्याखाली थांबली. मुलगी वाकली, पाल वळली. त्याच्या पुढच्या तासालाही पाल त्याच पावली आली आणि त्याच पावली गेली. एकदाच केलेली कवायत मोबाइलवर घेऊन पोरीने तीच पुन्हा पुन्हा लावून ठेवली होती. ज्याला बाई नेटवर्क समजत होत्या तो उन्हाळा होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने आपण एका चित्रफितीचं कौतुक केलं, सगळ्या शाळेला तिच्या नावाने झोडपलं, आणि ही बया आत कुठेतरी पाय ताणून आपल्याला हसत असणार! मिस्टर म्हणाले, जरा सबुरीने घे. सबुरी हा शब्द बाईंना नुसता ऐकून माहीत होता. त्यांनी पांढरे बूट चढवले, मास्क लावला, शिट्टी गळ्यात घातली आणि पोरीचा कान उपटायला निघाल्या.

बगळीचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. पहिल्याच मजल्यावर बाईंना धाप लागली. जगाला फेऱ्या मारायला लावणाऱ्या बाई स्वतः महिनोन् महिने हॉलमध्ये उभ्या होत्या, हे त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना आज सांगितलं. दार आईने उघडलं. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. साथीत ज्यांना एक दिवसही सुट्टी नव्हती त्यातली एक. वडील नोकरीपायी दूर अडकलेले. ती नुकतीच कामावरून आली होती आणि मास्कचा वळ अजून नाकावर होता.

बाईंना बघून तिचे डोळेच भरून आले. बाईंनी शिव्यांची जुळवाजुळव जिन्यातच केली होती, पण तिने तोंड उघडायला जागाच दिली नाही.

‘बाई, तुमचे उपकार कसे फेडू?’ ती म्हणाली. ‘दिवसभर खोलीतून बाहेर येत नाही ती. दाराशी ताट ठेवते, ते अर्धं परत येतं. अंघोळ नाही, केसांना फणी नाही. पण तुमच्या तासाला तेवढी उठते. ग्रुपवर फोटो बघितला आणि जीव भांड्यात पडला माझा. दुकानात उभी असले की घड्याळ बघते आणि म्हणते, आत्ता उठली असेल. तेवढ्यावर दिवस काढते मी.’

बाईंच्या तोंडाचा पट्टा जन्मात पहिल्यांदा अडकला. त्यांनी मान हलवली. चहा करते म्हणून आई आत गेली, तशी बाईंनी स्टूल ओढलं आणि बगळीच्या खोलीच्या बंद दारासमोर बसल्या. मग सवयीने, पण अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘बगळे, सावधान.’

त्यांनी स्टूल दाराला आणखी चिकटवलं.

‘पाल गुणी आहे गं तुझी. तीच तेवढी वेळेवर येते वर्गात.’

दाराच्या अगदी जवळून आवाज आला. तो इतका बारीक होता की मैदानावर याच पोरीला ओरडू नकोस म्हणून दम भरला होता, हे बाईंना खरं वाटेना.

‘आईला सांगितलंत?’

नाही, बाई म्हणाल्या. मग पोर बोलायला लागली. एक वाक्य बोलायची, थांबायची, जमिनीवरून काहीतरी गोळा करत असल्यासारखी पुढचं आणायची. उन्हाळ्यात एक दिवस तिला छान वाटत होतं. अंघोळ केली, गणवेशाला इस्त्री केली, हात सरळ जातात का ते बघायला म्हणून स्वतःची कवायत मोबाइलवर घेतली. मग काही दिवसांनी एका सकाळी उठवेना. ताप नाही, खोकला नाही, अंगच उठायला तयार नाही. त्यात दिवसभर कोपऱ्यातल्या चौकटीत आपलाच चेहरा समोर. बघून बघून तिला त्या चेहऱ्याची शिसारी यायला लागली. म्हणून एकदा ती फीत लावली, एकदाच लावायची होती. पण त्याच दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मग फोटो आला. मग सगळ्या मैत्रिणी तिच्यावर खार खायला लागल्या, एकीनेही फोन केला नाही. नंतर उठून बसली असती तरी त्या फोटोसारखी कुठे दिसणार होती ती?

‘मी पांघरुणातून हो बाई लिहायचे,’ ती म्हणाली. ‘ती बरी होती ना, बाई. म्हणून तासाला तिलाच पाठवायचे.’

बाईंना रडायची सवय नव्हती, त्यामुळे ते धड जमलंही नाही. मास्कच्या आत शिंकेसारखा एक आवाज झाला. उघड्या दारातून तो ऐकून समोरच्या बिऱ्हाडाने धाडकन आपलं दार लावून घेतलं.

फेरी मार, हे शब्द ओठांवर आले होते. बाईंनी इकडेतिकडे बघितलं. स्टूल, बंद दार, दाराशी ठेवलेलं अर्धं ताट. आपल्याजवळ या पोरीला द्यायला काही नाही, हे बाईंना त्या स्टुलावर कळलं आणि त्यांना भीती वाटली, साथीला वाटली नव्हती तेवढी. आडपडदा कसा ठेवतात ते त्यांना येत नव्हतंच. त्यांनी सरळ विचारलं, ‘मरायचं येतं का गं मनात?’

मग ती म्हणाली, ‘मरायचं नाही. पण सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतं. रोज वाटतं.’

‘हे मी पोटात ठेवणार नाही,’ बाई म्हणाल्या. ‘आईला आत्ता सांगायचं. तू सांग, नाहीतर मी सांगते. आणि माझा आवाज तुला माहीत आहे, सगळ्या इमारतीला कळेल.’

आतून एक आवाज आला. हसू असेल किंवा हुंदका असेल. कडी सरकली आणि दार बोटभर उघडलं. आई दोन कप घेऊन मागेच उभी होती. किती वेळ उभी होती ते कुणालाच कळलं नव्हतं.

‘आई,’ फटीतून बगळी म्हणाली, ‘मी तासालाही उठत नव्हते गं.’

आईने कप जमिनीवर ठेवले आणि तिथेच बसली. फटीतून हात आत घातला. पोरीने तो धरला असावा, कारण तो बराच वेळ बाहेर आला नाही. ‘रोज तुझ्याएवढ्या मुलांच्या गोळ्या बांधून देते मी,’ ती म्हणाली. ‘आणि मनात म्हणायचे, यांच्या आयांचं लक्ष कुठे असतं.’ चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी आईने दुकानातून सुट्टी घेतली आणि मुलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. आठवडाभराने सावधानबाईंनी कुठूनतरी त्यांचा नंबर मिळवून फोन केला, की मैदान उघडलं की हिला किती फेऱ्या द्यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सध्या एकही नको. बाईंना ते लागलं, पण त्यांनी ऐकलं. मग त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि तो फोटो ग्रुपवरून काढा म्हणाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, अहो, आदर्श विद्यार्थ्याचं प्रमाणपत्रही छापून झालंय, आता ते कुणाला देऊ? पालीला द्या, बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांना काही उमगलं नाही, पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी फोटो काढला.

त्यानंतर बगळीची चौकटही इतरांसारखी काळी झाली. ती असे की नसे, कळत नव्हतं. मध्ये एकदा आईचा फोन आला, की केस विंचरू दिले. पुढच्या आठवड्यात आला, की परत दार लावून घेतलंय. बाई तासाला आकडे मोजायच्या आणि डोळे पुन्हा पुन्हा त्या काळ्या चौकटीवर जायचे. तास संपला की मोबाइल बंद करायला त्यांचा हात उठायचा नाही. मिस्टर बंद करायचे.

आणि मग एका सकाळी, गुडघे वर करायच्या ऐन मध्यात, ती चौकट उजळली.

कॅलेंडर नव्हतं, गणवेश नव्हता. एक उशी, हनुवटीपर्यंत पांघरूण, केसांचं घरटं, आणि उशीत अर्धा रुतलेला चेहरा. डोळे मात्र सरळ कॅमेऱ्यात. सगळ्या वर्गाने तो फोटो पाठ केला होता आणि आता सगळा वर्ग हे बघत होता. कुणी काही लिहीना. बाईंचा एक गुडघा हवेतच राहिला. आत्ता आपण काय बोलतो त्यावर ही चौकट उघडी राहणार की कायमची बंद होणार, एवढं त्यांना कळत होतं.

मग त्या तशाच खाली बसल्या, आणि बसल्यावर सरळ आडव्या झाल्या. फरशी गार होती. मोबाइल दोन्ही हातांनी तोंडावर धरताना तो एकदा नाकावर पडला.

‘आज आडवी कवायत,’ त्या म्हणाल्या. ‘आहात तिथेच पडून राहा. तुम्ही आधीपासूनच आडवे आहात हे मला कळत नाही असं समजू नका, गाढवांनो. कॅमेरा लावायचा असेल त्याने लावा. नसेल लावायचा त्याने नका लावू.’

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक चौकट उघडली. नववीत असताना सगळ्यांची टिंगल करणारा एक पोरगा कानटोपी घालून रजईत पडला होता आणि त्याच्या पोटावर धाकटी बहीण बसली होती. मग स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेली एक मुलगी दिसली, तिच्यामागे कुणाचेतरी पाय भराभर इकडून तिकडे जात होते. मग आणखी दोन, मग भसाभस. कुणाच्या मिशा फुटल्या होत्या, कुणी फुगलं होतं, कुणाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. कितीतरी महिन्यांनी ती एकमेकांना बघत होती आणि सगळीच्या सगळी पडलेली होती. कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंना इतकं बरं वाटलं, की त्या हसणाऱ्यावर खेकसायच्या विसरल्या.

‘उजवा हात वर,’ त्या म्हणाल्या.

छताकडे हात गेले, कुणाचा पुरता, कुणाचा अर्धवट. बाई एकाच चौकटीकडे बघत होत्या. पांघरूण हललं. बराच वेळ नुसतंच हलत राहिलं. मग त्यातून एक हात निघाला आणि हळूहळू वर गेला. तो डावा होता. डाव्या-उजव्यावरून बाईंनी जन्मभर पोरांना उन्हात उभं केलं होतं.

‘छान,’ त्या म्हणाल्या. आवाज फाटला, म्हणून परत एकदा म्हणाल्या.

मिस्टर चहा घेऊन आले. बायको भर सकाळी फरशीवर उताणी, एक हात छताकडे आणि डोळ्यांतून पाणी कानांत चाललेलं. ते घाबरून कप घेऊनच खाली वाकले. तास चालू आहे, दिसत नाही का, असं बाईंनी त्यांना दटावलं. मिस्टरांनी मोबाइलमध्ये डोकावून बघितलं. चौकटी एकेक करून नीट वाचल्या, भिंती शोधल्या.

‘पाल कुठे गेली?’ त्यांनी विचारलं.

‘पाल नाही आली आज,’ बाई म्हणाल्या. ‘आज मुलगी आलीय.’